उघडं दार, बंद दार, चिकाचा पडदा

माळा ओवताना हात अडकलेले असतात, तोंड मोकळं असतं! त्यामुळे उत्तरेतल्या बालाजी घाटावरच्या आमच्या ओसरीत मण्यांपेक्षा किस्सेच जास्त सांडायचे. इंग्रजांचं राज्य होतं. चौकातले सेठजी काचेचे मणी आणून द्यायचे, आम्ही चौघी ओवायचो: माझी कडक सोवळ्याची आत्या, शेजारची गोदूमावशी, आत्याची विधवा सून यमूवहिनी आणि मी. माळा विलायतेला जायच्या, म्हणून मण्यांची नावंही इंग्रजी!

*

एकदा सेठजी समजावत होते, "आरपार दिखे तो ट्रान्स्परंट. कुछ न दिखे तो ओपेक. धुंधला दिखे तो ट्रान्सलूसंट."

दारावरच्या बांबूच्या काड्यांच्या पडद्याकडे बोट करत आत्या म्हणाली, "एवढंच ना? उघडं दार, बंद दार आणि चिकाचा पडदा!"

महिन्याभरात सेठजीच गल्लीतून ओरडत येऊ लागले, "बुआजी, पर्देवाला माल तैयार है?"

*

मग आले मॅट मणी. झिलई नाही, चमक नाही, राख फासल्यासारखे. गोदूमावशीला ते मळलेलेच वाटले. घरी नेऊन तिनं खोबरेल लावून एकेक मणी चमकवला.

सेठजींनी कपाळावर हात मारला. "मौसी, ये तो मॅट था!"

"असेल. म्हणून काय पारोसाच पाठवायचा?"

सगळी दुपार रिठ्याच्या पाण्यात मणी धुण्यात गेली.

*

गोदूमावशीचाच आणखी एक. साधे आणि इंद्रधनुषी मणी एकत्र झाले होते. इंद्रधनुषीवर तेलाच्या तवंगासारखे रंग खेळतात. मावशीनं निवडायला घेतले आणि सगळे एकाच ढिगात टाकले.

"सगळेच इंद्रधनुषी आहेत गं!"

आम्ही हसलो. ती म्हणाली, "हसता काय? समईभोवती नाही का तसेच रंग दिसत?"

आमचं हसू थांबलं. दुसऱ्याच दिवशी आत्यानं तिला डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, देवाच्या कृपेनं नजर परत आली. ओसरीत येऊन तिनं मूठभर मणी उचलले, निरखले आणि तोंड वाकडं केलं.

"हल्ली माल पूर्वीसारखा येत नाही!"

*

आणि एक यमूवहिनीचा. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला. तेव्हापासून अंगावर आलवण आणि गळा मोकळा. दिवसभर दुसऱ्यांसाठी माळा ओवायची, पण गाठ मारली की माळ लगेच दूर ठेवायची.

एकदा सेठजींबरोबर एक मेमसाहेब माल बघायला आली. लस्टरची माळ होती, मोत्यासारखी आब असलेली. ती अंगावर घातल्याशिवाय कळत नाही, असं म्हणत मेमसाहेबनं ती उचलली आणि समोर बसलेल्या यमूवहिनीच्या गळ्यात घातली!

गोदूमावशीनं पदर तोंडाला लावला. वहिनीचा हात माळेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. आम्ही सगळ्या आत्याकडे बघत राहिलो.

आत्यानं सुई खाली ठेवली. सुनेकडे पाहिलं.

"इथं माळ डल दिसतेय," ती म्हणाली. "जरा उजेडात उभी राहा बघू."