घरी सांभाळणारी व्यक्ती

सकाळी साडेआठ वाजले की भाई अंगणाबाहेर कुंपणाला रचलेल्या चिऱ्याच्या गडग्यावर जाऊन बसायचा. मांडीवर डब्याची पिशवी, केसांना भरपूर तेल, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. गाडी यायची नऊला. भाई माझा थोरला भाऊ. वयाने पन्नाशीजवळ, समजेने सहा-सात वर्षांचा. रत्नागिरीत त्याच्यासारख्या मोठ्या माणसांसाठी एक कार्यशाळा आहे. तिची पिवळी गाडी आमच्या गावावरून जायची. वळणावर ड्रायव्हरकाका दोनदा हॉर्न वाजवायचे आणि काच खाली करून विचारायचे, "काय साहेब, आज रजा नाही?"

"रजा तुला," असं म्हणून भाई पुढच्या सीटवर चढायचा.

मी चिपळूणला नोकरीला. सुट्टीत घरी आलो की ओट्यावर चहा घेत त्यांचं हे बोलणं ऐकायचो. कार्यशाळेत भाई कागदी पिशव्या चिकटवायचा. संध्याकाळी परतला की त्याच्या बोटांवर खळ वाळलेली असायची, पण तो ती कोणाला धुऊ देत नसे. "कामाची आहे," म्हणायचा.

गाडी वळणाआड गेली की ताई साडी बदलायची. ताई आम्हा दोघांहून मोठी. तिने लग्न केलं नाही. आई गेल्यापासून भाईची आंघोळ, दाढी, औषधं सगळं तीच बघते. दहा ते चार मात्र ती बाजारातल्या एका दुकानात साड्यांना फॉल-पिको करायला बसायची. "तिकडे मला कोणी भाईची बहीण म्हणत नाही रे," ती मला सांगायची. "पिकोवाल्या बाई आहेत काय, म्हणून दारातूनच हाक मारतात." हे सांगताना ती थेट आईसारखी हसायची. तो काळ आठवला की मला आधी ते हसू आठवतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत कार्यशाळेकडून एक फॉर्म आला. ताई करंज्या लाटत होती. "तू भर, मी सही करते," म्हणाली. मी ऐटीत पेन काढलं. एक प्रश्न होता: घरी सांभाळणारी व्यक्ती आहे का? मी लिहिलं, होय. खाली 'अडचणी' म्हणून मोठी चौकट होती. तीत लिहिलं, काही नाही. आमच्या घरचं वळणच तसं. बाबा शेवटच्या आजारातसुद्धा बघायला येणाऱ्याला "झकास आहे" म्हणून सांगायचे. परक्यापुढे रडगाणं गायचं नाही. ताईने पिठाचे हात पुसून सही केली.

पुढच्या जूनमध्ये पत्र आलं. अनुदान कमी झालं होतं. संस्थेला गाडीची एकच फेरी परवडणार होती, आणि ज्यांच्या घरी सांभाळायला कोणी नाही त्यांनाच ती मिळणार होती. भाईला एसटीने एकटं पाठवता येत नाही. ताईने स्वतः नेऊन पाहिलं, पण गर्दीत तो घाबरून खाली बसायचा. पंधरा दिवसांत तिने दुकान सोडलं.

मला हे फोनवर कळलं. "बघू काहीतरी," म्हणालो. फॉर्मचं बोललो नाही. वर्षभर बोललो नाही. दर शनिवारी मात्र जाऊ लागलो, कधी भाईला नवा शर्ट, कधी ताईला साडी घेऊन. जिचं साड्यांचं काम माझ्यामुळे सुटलं तिलाच साडी, आणि तीही मी आणलेली. भाई अजून डबा घेऊन गडग्यावर बसायचा. एकदा मी माझी गाडी वळणावर नेऊन दोनदा हॉर्न वाजवला. तो उठला, नीट पाहिलं आणि परत बसला.

"ही नव्हे."

त्याच दुपारी ताई त्याची नखं कापत असताना मी सांगून टाकलं. "ताई, त्या फॉर्मवर 'होय' मी लिहिलं होतं."

"ठाऊक आहे. वाचूनच सही केली मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू शिकलेला. तू लिहिलंस म्हणजे तसंच असेल, म्हटलं." मग नखं झटकत म्हणाली, "आणि व्यक्ती म्हटलं होतं रे मला. या घरात कोण म्हणतो?"

ती हसली, पण आईसारखी नव्हे.

परवा कार्यशाळेकडून पुन्हा फॉर्म आला. प्रश्न तेच. मी पेन काढलं, तशी ती म्हणाली, "आण इकडे." चष्मा लावून तिने त्या प्रश्नापुढे सावकाश लिहिलं: 'व्यक्ती आहे. पण तिला दहा ते चार पिकोचं काम आहे.' त्या मशीनवर आता दुसरी बाई बसते, हे तिलाही माहीत आहे.

मग तिने कागद माझ्याकडे सरकवला. "अडचणी तू लिही. तुझं अक्षर बरं आहे."

मी लिहायला बसलो. चौकट संपली, मी कागदाच्या मागच्या बाजूला वळलो. भाई डब्याची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसला होता आणि दर दोन ओळींनी विचारत होता, "आली काय?"