शेजारची जागा

फोन आला तेव्हा मी एलातमध्ये पलंगांचा भाव करत होतो. तिथलं एक छोटं हॉटेल दुसऱ्या मालकाकडे चाललं होतं आणि त्यांच्या जुन्या लोखंडी पलंगांवर माझा डोळा होता. ऑफिसातली मुलगी बाहेर येऊन हिब्रूत म्हणाली, हैफाहून तुमच्या बायकोचा फोन होता, तुमची वहिनी गेली. समोरच्या बिचाऱ्या मालकाने हातातला कागद मिटून ठेवला. म्हणाला, आपण नंतर बोलू. आणि मी... मी म्हणालो, नाही, आत्ताच संपवू. दुखवट्याने त्याचा आवाज नरम पडला होता आणि माझ्या कानाने ते बरोबर टिपलं होतं. सौदा मला हवा त्या भावात झाला. बस मात्र चुकली. दुसऱ्या दिवशी सगळं वाळवंट ओलांडून हैफाला पोचलो, तोवर सगुणावहिनींवर माती पडून गेली होती. ते पलंग अजून माझ्या दुकानात रचून ठेवलेले आहेत. गिऱ्हाइकाने त्यांना हात लावला की मी त्याला दुसरं काहीतरी दाखवतो.

इथल्या आपल्या बऱ्याच लोकांना वहिनी माहीत नसतील. त्या आपल्यातल्या नव्हत्या. हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं की मी भांडायला उठतो, म्हणून मीच आधी लिहून टाकतो. आम्ही बेने इस्रायल यहुदी, मूळचे अलिबागकडचे, मुंबईत वाढलेले. वहिनी नगरच्या ख्रिस्ती. माझे थोरले भाऊ दाऊद मुंबईत एका दवाखान्यात कंपाउंडर होते, वहिनी तिथेच नर्स. दोघांनी कुणाला न विचारता लग्न केलं आणि दोघांनीही आपापला धर्म ठेवला. मी इथे इस्रायलात आधी आलो, मोडकी टेबलं-खुर्च्या घेऊन दुरुस्त करून विकू लागलो, दुकान उभं केलं; ते दोघं बासष्ट साली आले. बंदरावर त्यांची एक ट्रंक गहाळ झाली. वहिनींची सगळी पितळी भांडी तिच्यात होती. मी रोज बंदरावर जाऊन आरडाओरडा करत होतो, आणि वहिनींनी माझ्या बायकोकडून, साराकडून, दोन पातेली मागून घेऊन स्वयंपाक सुरूही केला होता. शेवटी ट्रंक मिळाली. ती उघडून वहिनी आधी डोळे मिटून बसल्या.

"वा!" मी म्हणालो. "घसा माझा बसला आणि आभार देवाचे?"

"तुमचेही मानते की, भावोजी. पण तुम्हाला एवढा घसा कुणी दिला?"

दाऊददादा पोट धरून हसले. मला मात्र राग आला होता. मी शून्यातून वर आलेला माणूस. कुणी सोडून दिलं म्हणून मला कधी काही मिळालेलं नाही. जे मिळालं ते ओढून घेतलं. त्यामुळे वहिनींची ती सगळं देवावर सोडणारी मोकळी मूठ मला आळशीपणाची वाटायची. पण आळशी त्या नव्हत्या. पहाटे उठून त्या इस्पितळात फरशा पुसायला जात, कारण त्यांचा नर्सचा दाखला इथे चालेना. मी म्हटलं, ऑफिसात चला, टेबलावर मूठ आपटतो. त्यांनी अर्ज केला, दोनदा विचारून आल्या, आणि मग फरशा पुसू लागल्या. "माझ्याकडून होतं ते केलं. आता उरलेलं त्याच्याकडे," म्हणाल्या. उरलेलं! मला या शब्दाची चीड होती. माझ्याकडे कधी काही उरतच नसे.

वर्षभरात दाऊददादा आजारी पडले. मी आपल्या रीतीप्रमाणे एलियाहू हन्नाबीला नवस बोललो: भाऊ उठून बसू दे, सगळ्या बेने इस्रायलला बोलावून मलिदा करीन. पोहे, खोबरं, फळं, कशात कमी पडणार नाही. दादा उठले नाहीत. सुतकाचे सात दिवस रीतीप्रमाणे जमिनीवर बसून मी मनात एकच घोळवत होतो, की मी माझी बाजू पाळायला तयार होतो, मग समोरच्याने का मोडली? त्या दिवसांत एकदा वहिनींना विचारलं, तुम्ही काय मागितलं होतं?

"ते राहावेत, एवढंच. रडून मागितलं. मग म्हटलं, तुला योग्य वाटेल तसं."

"मग तुम्हीही हरलात."

"हरायला मी पैज कुठं लावली होती?" असं म्हणून त्या पुन्हा रडू लागल्या. विश्वास असला की माणूस रडत नाही, असा माझा समज होता. तोही त्या दिवशी गेला.

यहुदी कब्रस्तानात दादांच्या शेजारची जागा रिकामी होती. मरताना त्यांनी माझा हात धरून सगुणाकडे बघ म्हटलं होतं आणि मी त्याचा अर्थ माझ्या पद्धतीने लावला. पुढच्या हिवाळ्यात वहिनींचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं, आणि मी दफनाचं काम बघणाऱ्या मंडळींच्या ऑफिसात जाऊन बसलो. ख्रिस्ती बाईला इथे जागा नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हा इथले धर्मगुरू आपल्यालाच विचारत होते की तुम्ही खरे यहुदी कशावरून. त्याचा राग पोटात होताच. मी रोज जाऊ लागलो. चढ्या आवाजात, मऊ आवाजात, ओळखी काढून. वहिनी वॉर्डात पडून असत आणि मी त्यांच्यासाठी म्हणून ऑफिसात बसलेला असे. भेटायला गेलो तरी उभ्या उभ्या, हातात टोपी. "बसा ना जरा," त्या म्हणत. "बसायला वेळ कुठाय? तुमचंच काम करतोय," असं मी म्हणे.

शेवटी तिथला पोलंडकडचा कारकून कंटाळून म्हणाला, बाई आमच्या धर्मात यायला तयार झाली, तसं तिने स्वतः सांगितलं, तर कागद पुढे सरकवता येईल. बाजारात समोरचा एक पाऊल हलला की अर्धा सौदा झाला म्हणून समजायचं. मी धावत वॉर्डात गेलो.

"वहिनी, काम झालं! कारकून उद्या इथं येईल. तुम्ही फक्त हो म्हणायचं. मनात काय ठेवायचं ते ठेवा, मनात बघायला कोण येतंय?"

त्या म्हणाल्या, "जो बघतो त्याला काय सांगू, भावोजी?"

"दादांच्या शेजारी झोपायचं नाही तुम्हाला?"

"आहे. फार आहे. पण खोटं बोलून नाही. ते माझे आहेत ते काही जमिनीमुळे नाहीत. मला कुठंही ठेवा, ज्याला शोधायचं तो शोधून काढील." आणि मग त्यांनी ते विचारलं, जे मला अजून सोडत नाही: "ही जागा मला हवीय की तुम्हाला?"

जिने आयुष्यभर सगळं सोडून दिलं, ती नेमकी माझ्या हातात आलेल्या गोष्टीला नाही म्हणत होती! मी वॉर्डात ओरडलो. तुम्ही माझ्या भावाला टाकून दिलंत, असं म्हणालो. नर्स धावत आली, "सावलानूत, सावलानूत," धीर धरा, म्हणत मला बाहेर नेऊ लागली. दारातून मागे पाहिलं तर वहिनींचा हात चादरीवर उताणा पडला होता. मी मागे फिरलो नाही. घरी आलो, साराला म्हटलं, मी एलातला माल बघायला चाललोय. ती म्हणाली, "आत्ता?" मी म्हटलं, आत्ता.

परत आल्यावर कळलं की वहिनींनी इथल्या अरब पाद्रीबाबांशी आपल्या जागेचं आधीच बोलून ठेवलं होतं, माझी धावपळ सुरू होण्याच्याही आधी. मी साराला म्हणालो, बघ, मला एका शब्दाने सांगितलं नाही, नुसतं पळू दिलं. माझी तक्रार ती आहे, आणि खोटं कशाला बोलू, अजून आहे. सारा भाजी चिरत होती. न थांबता म्हणाली, "दोनदा सांगितलं त्यांनी, माझ्यासमोर. तुम्ही ऐकलंत कुठं? तुम्ही तर उभेच होतात." दफनाला ती एकटीच होती आपली. प्रार्थना अरबीत झाली, तिला अक्षर कळलं नाही. शेवटी तिने हळूच मराठीत, वहिनी, या आता, एवढं म्हटलं.

मागच्या आठवड्यात त्या कारकुनाने निरोप पाठवला. इराककडच्या एका म्हातारीसाठी तिचे लोक दादांच्या शेजारची जागा मागत होते. तुम्ही इतके दिवस आमचं डोकं खाल्लंत, म्हणून विचारतो, तुमचं काही म्हणणं आहे का? म्हणणं माझ्याकडे खूप होतं. तरी मी गेलो आणि म्हणालो, द्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. पुढे काहीतरी अट येईल असं त्याला वाटलं असावं.

तिथून सरळ वहिनींच्या खोलीवर गेलो. सामान हलवून खोली परत द्यायची आहे, आणि वस्तू पाहिली की मला आपोआप तिची किंमत दिसते. खिडकीपाशी समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीच्या वेताच्या बैठकीला वहिनींच्या बसण्याने खोलगट आकार आला आहे. दुसरी तशीच ताठ, नव्यासारखी. मी त्या ताठ खुर्चीत पहिल्यांदाच बसलो. खाली रस्त्यावर दोन माणसं कलिंगडाच्या भावावरून हमरीतुमरीवर आली होती आणि विकणारा चूक करत होता, फार लवकर खाली येत होता. मी खिडकीतून वाकलो नाही. समोरच्या खुर्चीला म्हणालो, "वहिनी, जागा देऊन टाकली." आणि लगेच पुढचं वाक्य जिभेवर आलं... आता तेवढं माफ करा. तेव्हा लक्षात आलं, मी पुन्हा काहीतरी देऊन त्याच्या बदल्यात मागायला निघालो होतो. ते वाक्य मी गिळलं. माफी मिळेल की नाही, माहीत नाही. अंधार पडेपर्यंत मी नुसता बसून राहिलो.