निकाळजे सरांचं वजन आणि आमचा जीव

प्रभाकर निकाळजे सरांची आणि माझी पहिली भेट आयटीआयच्या वर्कशॉपच्या दारात झाली, आणि त्या भेटीत मी रडले. टर्नरच्या, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातायला शिकणाऱ्यांच्या, बॅचमध्ये मी एकटी मुलगी. आई सोबत आली होती, आणि पोरीला शिवणकामाला घातलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटेत चारदा म्हणून झालं होतं. दारात सर उभे होते. उभे होते म्हणजे दार दिसतच नव्हतं, एवढं ते धिप्पाड शरीर! त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता ड्रेसच्या बाहीकडे बघितलं. "पोरी, तू मुलगी आहेस हे मशीनला कळत नाही. तुझी बाही सैल आहे, ते मात्र त्याला लगेच कळतं. आधी ती दुमड." मी मुसमुसत बाही दुमडली. आईला त्यांनी स्वतःच्या स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं, "माउली, पोरगी रडायची थांबेपर्यंत इथंच बसा. घाई नाही." दुपारी आई हसत घरी गेली.

सरांच्या एकसष्टीच्या या अंकात त्यांच्या कामाविषयी पुष्कळ जण लिहितील. चाकणपासून तळवड्यापर्यंत लेथवर उभी असलेली कितीतरी माणसं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. जालन्याकडून आलेल्या या माणसाने इथल्या पोरांना नुसती नोकरी लावून दिली नाही, ती टिकवायलाही शिकवलं. आमच्या बॅचच्या राजूला, म्हणजे आज गौरव समितीचे अध्यक्ष असलेल्या राजूभाऊंना, पहिल्याच महिन्यात कंपनीने काढलं होतं. सर शेअर रिक्षाने चाकणला गेले. रिक्षात ते नेहमी दोन सीटचं भाडं देत, शेजारचा आखडून बसायला नको म्हणून. सुपरवायझरपुढे ते भांडले नाहीत. "चूक दाखवा, मी त्याला पुन्हा शिकवतो, मग ठेवायचं की नाही ते ठरवा," एवढंच म्हणाले. राजूभाऊ आज त्याच कंपनीत आहेत.

मी तळवड्यात स्वतःचं छोटं लेथचं युनिट टाकलं, तेव्हाही सर होते. उद्घाटनाच्या दिवशी मशीनचं बटण दाबायला मी पुढेच होईना. मी मुळातच घाबरट. गिऱ्हाइकाचा फोन आला तरी आधी माल परत आला असं वाटतं. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कामून घाबरतीस गं? मशीन तुझं, हात तुझा." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. गेल्या वर्षी मात्र घाबरायची पाळी सरांमुळेच आली, आणि ती भीती अजून पुरती गेलेली नाही. गौरवलेखात काळजी लिहायची रीत नसते. पण ती वगळून सरांविषयी लिहायला मला जमणार नाही.

सरांच्या वजनावर विनोद करायला कुणाला हिंमत लागत नसे, कारण पहिला विनोद तेच करत. शरीर मात्र विनोद ऐकत नाही. साखर आटोक्यात येईना, गुडघे बोलू लागले, झोपेत श्वास अडकू लागला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांच्या छातीवर हात ठेवून जागत बसायच्या. शेवटी चिंचवडच्या डॉक्टरांनी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला, आणि सर तयार झाले. ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की पहिले काही महिने वजन भराभर उतरेल, मग वेग कमी होईल, मध्येच काही आठवडे अजिबात हलणार नाही. तेव्हा घाबरायचं नाही. पोट लहान झालंय, तेव्हा थोडं थोडं खायचं, पण खायचंच. आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत.

पहिले दिवस कौतुकाचे होते. सर चिंचवड स्टेशनचा जिना न थांबता चढले, त्याचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला. जुना फोटो, नवा फोटो, खाली अंगठे आणि टाळ्या. तोवर समितीने एकसष्टीला सरांची वह्यातुला करायचं ठरवलं होतं. एका पारड्यात सर, दुसऱ्यात वह्या, आणि त्या वह्या गरजू मुलांना. कल्पना छानच. मग थट्टा सुरू झाली. "सर, जरा दमानं घ्या, पोरांच्या वह्या कमी होतायत!" सर हसायचे. आम्हीही हसायचो.

मग डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, वजन थांबलं. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. सर कधी बोलले नाहीत. फक्त भेटले की दर वेळी ते आणखी बारीक दिसत, गाल आत, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. लोक म्हणत, "वा सर, काय वेग आहे!" मला मात्र ते बरं दिसत नव्हतं. आमच्या धंद्यात एखादं मशीन ठरल्यापेक्षा जास्त माल काढायला लागलं तर आम्ही टाळ्या वाजवत नाही, बंद करून आधी बघतो. मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जेवले का विचारलं तर जेवलो म्हणतात गं. ताट मला दिसू देत नाहीत."

एका सकाळी सर युनिटवर आले. मी आतून बघत होते. उंबऱ्याशी त्यांची डाव्या पायाची चप्पल निसटली आणि सर तसेच चालत आत आले, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा कीस पडलेला असतो. बाही दुमडल्याशिवाय मशीनला हात लावू न देणारा हा माणूस त्या किसावर अनवाणी चालत होता.

"सर, चप्पल!" मी ओरडलेच.

त्यांनी खाली बघितलं. "अरेच्चा. कुठं गेली?"

"तुम्हाला कळलं नाही?"

"पाय जरा बधिर झालेत गं. मुंग्या येतात. होईल बरं." आणि त्यांनी भिंतीला हात टेकला.

मी त्यांना गाडीत बसवलं. ते वाटभर कुरकुरत होते, "वजन तर उतरतंय ना? मग दवाखाना कशाला?" आयुष्यात पहिल्यांदा मी सरांवर आवाज चढवला. "गप्प बसा सर!" म्हटलं, आणि मग सिग्नलला माझी मलाच लाज वाटली. सर खरोखरच गप्प बसले. त्याची मला जास्त भीती वाटली.

डॉक्टर संतापले. "वजन कमी होतंय म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं तुम्हाला सांगितलं कुणी?" हळूहळू सगळं बाहेर आलं. वजन थांबल्यावर सरांना वाटलं ऑपरेशन वाया गेलं. म्हणून त्यांनी होतं तेही खाणं तोडलं. मग उलट्या सुरू झाल्या, गोळ्या पोटात राहीनात, म्हणून त्याही सोडल्या. अंगातली जीवनसत्त्वं संपत आली होती आणि नसांवर परिणाम झाला होता. त्यांना तिथेच दाखल करून घेतलं आणि इंजेक्शनं चालू केली. पाय पूर्वीसारखे होतील का, असं मी विचारलं. "वेळेत आलात असं वाटतंय. बघू," डॉक्टर म्हणाले. त्या 'बघू'ने माझा जीव टांगणीला लागला.

बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. मी म्हटलं, "सरांसारख्या समंजस माणसाने असं का केलं असेल हो?" काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "त्या तुलेपायी गं. लहानपणी गावच्या बाजारात धान्याच्या काट्यावर पोरं बसवायची त्यांना. किती पोती भरतो बघू म्हणायची, अन् सगळा बाजार हसायचा. मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं. आता साऱ्या गावासमोर पुन्हा काट्यावर बसायचं, तर निदान हलकं होऊन बसावं, असं घेतलं डोक्यात."

आम्ही ज्यांचा सन्मान करायला निघालो होतो, ते त्या सन्मानाच्या धास्तीने उपाशी राहत होते! आणि कुणाला दुखवायचं नाही म्हणून एकदाही नको म्हणाले नव्हते. हाही सरांचा स्वभावच. दुसऱ्याला दोन इंच जागा जास्त मिळावी म्हणून स्वतः सोसायचं.

त्याच संध्याकाळी मी राजूभाऊंना गाठलं. ते आधी हबकले, मग म्हणाले, "अगं, मोठा काटा सांगून ठेवलाय, पत्रिकेत छापलंय, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "भाऊ, लोक काय म्हणतील याच्याच पायी ते आत झोपलेत." राजूभाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे फोन करून काटा नको म्हणून सांगितलं. वह्या द्यायच्याच आहेत, पण ज्या पोराला जेवढ्या लागतील तेवढ्या. सरांना कुठल्याही पारड्यात बसवणार नाही. हे दवाखान्यात सांगितलं तेव्हा सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते वळले नाहीत, फक्त "बरं झालं रे," म्हणाले. आवाज पार ओला होता.

सर घरी आले आहेत. पायात संवेदना परततेय, पण काठी लागते. थोडं थोडं खातात आणि आता ताट काकूंच्या समोर असतं. मी रोज फोन करते, आणि उचलायला उशीर झाला की नको नको ते मनात येतं. अजूनही त्यांना पाहून कुणी "वा, काय बारीक झालात!" म्हणालं की मला त्याचं तोंड दाबावंसं वाटतं. परवा काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या. "काय झालं सरांना?" मी ओरडलेच. "अगं, घाबरू नको," त्या म्हणाल्या, "आज वजन केलं. गेल्या खेपेपेक्षा एक किलो वाढलंय. आणि हे स्वतःहून म्हणाले, अजून चमचाभर वरण वाढ." मग आम्ही दोघी फोनवर रडलो.

अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा म्हणतात. मीही म्हणते, मनापासून म्हणते. निरोगी राहा, गोळ्या वेळेवर घ्या, दुखलं तर सांगा, नको असेल ते नको म्हणा. वजन कमी व्हावं म्हणून तुम्ही फार सोसलंत सर. तुमच्यातलं जायचं होतं तेवढं गेलं. आता जेवढे आहात, तेवढे सगळेच्या सगळे आम्हाला हवे आहात.