वरचं घड्याळ

काकांना कुणी "किती वाजले?" असं विचारलं, की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि उलट विचारत, "कोणाचे सांगू? आपले का वरचे?"

नवा माणूस बिचकायचा. वरचे म्हणजे देवाघरचे की काय, असं त्याला वाटायचं. आम्ही जुने लोक हसायचो. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याचं एकच वाक्य रोज ऐकून कान किटतात आणि तो गेल्यावर त्याच वाक्याची आठवण छळते.

नागपुरात आमची दूध डेअरी आहे आणि आजूबाजूच्या गावांत दूध संकलन केंद्रं. केंद्रावर दूध मोजलं की त्याची नोंद इंटरनेटवरून थेट क्लाउडमधल्या डेटा वेअरहाउसमध्ये जाऊन पडते. काका त्याला 'वरचं गोदाम' म्हणत. गोदामात नुसतेच आकडे. ते साहेबांना चित्रासारखे दिसावेत म्हणून एक अ‍ॅनालिटिक्स टूल घेतलं आणि ते गोदामाला जोडायचं काम काकांकडे आलं. माणूस निवृत्तीला टेकलेला, पण कॉम्प्युटर म्हटलं की लहान पोरासारखा उड्या मारणारा. पत्ता टाकला, पासवर्ड टाकला, स्क्रीनवर हिरवी खूण उमटली.

"जुळलं गा एकदाचं!" काका मुलीचं लग्न ठरल्यासारखे ओरडले. त्यांनी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. साहेबांनीही दोन प्लेटा हाणल्या.

पोह्यांची चव जिभेवर होती तोवरच घोळ सुरू झाला. साहेब ऑफिसात आल्या आल्या 'आजचं दूध' हा तक्ता उघडत. सगळ्या केंद्रांपुढे हिरवे खांब उभे, आणि पारशिवनीपुढे रोज भोपळा. डेअरीत येणाऱ्या दुधाच्या गाडीत मात्र पारशिवनीचे कॅन भरलेले. साहेबांनी निष्कर्ष काढला तो असा, की केंद्रावर दूध घातल्याची नोंद नाही आणि गाडीत दूध आहे, म्हणजे ते दूध बाहेरचं. कुठलं, कशात काय मिसळलेलं, देव जाणे! सोमवारपासून केंद्र बंद, असा हुकूम निघाला.

ते केंद्र एक ताई चालवत. घरोघरी फिरून, लोकांची मनं वळवून त्यांनी ते उभं केलं होतं. साहेबांना त्यांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"भाऊ, माह्या डोळ्यासमोर माप होते. मी काय दूध आभाळातून आणून राहिली?"

साहेब म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही."

काका उठले. "साहेब, मशीन मी जोडली आहे. मले एकदा जाऊन पाहू द्या."

शनिवारी भल्या पहाटे काका मला मोटरसायकलवर मागे बसवून निघाले. कन्हानचा पूल ओलांडला तेव्हा थंडीनं माझे दात वाजत होते आणि काका मात्र वाटेत कुठं चहा चांगला मिळतो ते सांगत होते. पाचच्या सुमारास पोचलो. पारशिवनी आमचं सगळ्यात लांबचं केंद्र. गाडी वेळेत निघावी म्हणून तिथलं माप इतर केंद्रांच्या आधी सुरू होतं आणि साडेपाचच्या आत संपतं. रांगेत माणसं कॅन घेऊन उभी होती. ताईंनी आमच्याकडे पाहिलंदेखील नाही.

पहिलं माप झालं. काकांनी मोबाइलवर टूल उघडलं. नोंद आली होती, पण कालच्या तारखेला! काका बघतच राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

वरचं गोदाम जगाच्या घड्याळावर चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटेचे पाच, तेव्हा तिथं आदल्या रात्रीचे साडेअकरा. बाकीची केंद्रं सहानंतर उघडत, म्हणून त्यांची तारीख बरोबर पडे. काकांनी टूल जोडताना त्याला आपली वेळ सांगितलीच नव्हती.

"बाई, चूक तुमची नाही. माही आहे," काका म्हणाले.

ताईंनी मापाचं भांडं खाली ठेवलं. "मले एकटीले काहून सांगता? आठवडाभर हे लोक माह्याकडं कसे पाहून राहिले, माहीत आहे? त्यांच्यासमोर सांगा."

आणि काकांनी सांगितलं. रांगेसमोर उभं राहून, चष्मा काढून, मोठ्या आवाजात. "ह्या बाईचं दूध चोख आहे. घड्याळ मी चुकवलं." मी मान खाली घातली होती, पण मला त्यांचा फार अभिमान वाटला. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "मंग चहा पाजा गा ह्याले, थंडीत आला बिचारा." ताईंनी चहा दिला. हसल्या मात्र नाहीत.

काकांनी टूलला आपली वेळ सांगितली आणि केंद्र राहिलं. त्याच संध्याकाळी काकांनी सीताबर्डीहून एक भिंतीवरचं घड्याळ आणलं, साडेपाच तास मागे लावलं आणि ऑफिसातल्या घड्याळाशेजारी टांगलं. तेच ते 'वरचे'. "जुळलं म्हणजे झालं नाही गा," हे नवं वाक्यही तेव्हापासून सुरू झालं.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे इंग्लंडला गेले. आता गंमत पाहा, तिथली वेळ म्हणजे नेमकी वरच्या घड्याळाची! उन्हाळ्यात तिकडं घड्याळं तासभर पुढे करतात एवढंच. माझी डेअरीत पहाटेची पाळी असे. पाचच्या सुमारास फोन वाजायचा. तिकडं रात्र, मुलगी ओरडायची, पण काका जागे.

"पारशिवनीचं आलं का गा?"

"आलं, काका. झोपा आता."

मग ते झोपत.

मागच्या हिवाळ्यात एका पहाटे फोन वाजला तो मुलीचा. "बाबा गेले," एवढंच ती बोलू शकली. मी काहीबाही बोललो असेन, आठवत नाही. फोन ठेवला आणि मान वर केली. वरच्या घड्याळात साडेअकरा होत आले होते. तेवढ्यात स्क्रीनवर पारशिवनीचा खांब उभा राहिला, आजच्या तारखेला.

ऑफिसात कुणी नव्हतं.

"आलं, काका," मी घड्याळाकडे पाहून म्हणालो. "झोपा आता."