चुणी

लाँड्रीवालीला गिऱ्हाईकं पाठीमागे 'कडक इस्त्री' म्हणायची. तिच्या कानावर ते यायचं आणि तिला ते आवडायचंही. सव्वीस वर्षांत तिच्या दुकानातून एकही सदरा चुणी घेऊन बाहेर पडला नव्हता.

दुकानामागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची सासू. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. सासूची आठवण त्याच्याही आधीपासून गळत चालली होती, इतकी की मुलगा गेल्याचंही तिला कळलं नाही. म्हातारी नळ सोडून ठेवी, घड्या घातलेले कपडे गादीखाली लपवी, आणि जी बाई तिला न्हाऊमाखू घाले तिलाच चोर म्हणे.

आता लाँड्रीवालीच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. कॉलरचा डाग बोटांनी चाचपून शोधावा लागे. डॉक्टरांनी तारीख दिली आणि बजावलं, नंतर पंधरा दिवस वाफ नाही, वजन उचलणं नाही. म्हणजे पंधरा दिवस म्हातारीला कोणीतरी न्यायला हवं. ते कोणीतरी म्हणजे धाकटा दीर. तो म्हणाला, रविवारी येतो, आईला बघतो, मग ठरवू.

रविवारी ती पहाटेच उठली. सासूला आंघोळ घातली, नखं कापली, केस विंचरून घट्ट बांधले, निळ्या स्वेटरवर हलक्या हाताने इस्त्री फिरवली. मग दिराचा फोटो समोर धरून दहादा घोकून घेतलं, हा कोण, हा धाकटा, आज येणार.

दीर आला. म्हातारीने त्याला नावाने हाक मारली, गुडघा कसा आहे विचारलं, थेंब न सांडता चहा प्याली.

"वहिनी, आई तर तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे."

"भाऊजी, काल मला चोर म्हणाल्या. हात उगारला."

"मी कशी म्हणेन?" म्हातारी गोड हसली. "बाई चांगली आहे हो. वेळेवर येते."

दीर खो खो हसला. बघा, कौतुकच करते, म्हणाला. ऑपरेशन काय, पुढे ढकलता येतं. या वयात माणसाला जागेवरून हलवू नये. गाडी वळली न वळली तोच म्हातारीने स्वेटर ओरबाडून काढला आणि उरलेल्या चहात बुडवला.

लाँड्रीवालीने पुन्हा फोन केला, विनवण्या केल्या. बरं, येत्या रविवारी बायकोला घेऊन येतो, तीही बघेल, असं तो म्हणाला. ऑपरेशन त्याच्या दुसऱ्या दिवशी होतं. या खेपेला ती कशालाही हात लावणार नव्हती. डाग पडलेला गाऊन, पिंजारलेले केस, आहे तश्शी बघू दे दोघांना. रविवारी ती सासूसमोर हाताची घडी घालून बसली.

बाहेर गाडी थांबली. म्हातारीने डोक्यावरून हात फिरवला, गाऊनचा डाग मुठीत लपवला.

"बाई, माझा धाकटा येणार ना आज? मी अशीच बसू?"

सबंध आठवड्यात तिला एवढं एकच आठवलं होतं.

लाँड्रीवाली जागची हलली नाही. दारावर थाप पडली. म्हातारीची मूठ डागावर आणखी आवळली.

"थांबा, भाऊजी, उघडते," असं ओरडून लाँड्रीवालीने फणी उचलली.

पाच मिनिटांनी दार उघडलं. जाऊ सासूकडे बघून म्हणाली, "किती छान ठेवलंय हो तुम्ही आईंना. आम्हाला नाही बाई असं जमणार."