मडगार्डचा मुंढा

खंडेनवमीला आमच्याकडे पूजेला कोयते, विळे, कुदळी, फवारणीचा पंप आणि सगळ्यात शेवटी ट्रक. मांगराच्या, म्हणजे बागेतल्या अवजारांच्या खोपटाच्या मागे तो दहा-बारा वर्षं उभा होता. एके काळी हे त्यातून आंब्याच्या पेट्या न्यायचे. पुढे पेट्या न्यायला बाहेरच्या गाड्या यायला लागल्या आणि ट्रक राहिला तो राहिलाच. तरी दर खंडेनवमीला हे त्याला झेंडूची माळ घालायचे, नारळ फोडायचे आणि इंजिन चालू करून दाखवायचे. इंजिनाचं तेलपाणी त्यांनी कधी चुकवलं नाही. पण आमच्या पावस गावच्या खाऱ्या वाऱ्याला पूजा कळत नाही. वरचा पत्रा खाऊन खाऊन पापड झाला होता.

मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षीची गोष्ट. ह्यांनी पूजा उरकली, इंजिन बंद केलं, खाली उतरून दार लावलं, आणि दार त्यांच्या हातात आलं. अख्खं, बिजागऱ्यांसकट. हे ते दोन्ही हातांत धरून तसेच उभे. वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, प्रसादाचं ताट घेऊन मागे उभ्या होत्या. त्या इतक्या हसल्या की ताटातलं खोबरं पायाशी सांडलं.

"भंगारवाल्याला बोलावतो," हे म्हणाले.

माझं लक्ष दाराकडे होतं. त्याच्या आतल्या घडीत, जिथे ऊन-वारा पोचला नव्हता, तिथे मूळचा रंग तसाच्या तसा होता. पिस्ता रंग! ट्रक जुनाच विकत घेतलेला, मी तो कायम मातकट तपकिरी बघितलेला. तो मुळात असा देखणा होता हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

"भंगारात नाही द्यायचा," मी म्हटलं. "आपण नीट करू."

"आपण म्हणजे कोण?"

"मी आणि वन्सं."

"मला कशाला ओढतेस गो वहिनी?" वन्सं म्हणाल्या. पण हातातलं ताट त्यांनी लगेच बाजूला ठेवलं.

वन्संनी लग्न केलं नाही. आमच्याच पडवीत शिलाईचं मशीन टाकून चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या बायकांची ब्लाऊजं शिवली. पत्र्याला आम्ही दोघींनी डब्याचं झाकण उघडण्यापलीकडे हात लावला नव्हता. म्हणून गावातल्या वेल्डरला बोलावलं. तो गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो. त्याने मडगार्डवर अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला.

"वहिनी, ह्याच्यात पत्रा कमी नि गंज जास्त," तो म्हणाला. "जोडायचं काम मी करीन, सवडीने. पण एकेक तुकडा मापात कापत बसायला मला वेळ नाय. ते तुम्ही करून ठेवा."

"मापात म्हणजे?" वन्संनी विचारलं.

"म्हणजे बसायला पायजेत."

"ब्लाऊज बसतं तसे?"

वेल्डरने एकदा माझ्याकडे बघितलं. "तसेच म्हणा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि काखेत रद्दी घेऊन ट्रकसमोर हजर. भोकावर कागद धरायचा, कडेने खडूने आखायचं, कापायचं, पुन्हा लावून बघायचं. सपाट भाग पटापट झाले. मडगार्डच्या गोलाईपाशी मात्र त्या अडल्या. कागदाला सारख्या सुरकुत्या पडत होत्या. बराच वेळ त्या नुसत्या बघत बसल्या आणि एकदम ओरडल्या, "वहिनी! हा मुंढा आहे गो! बाहीचा मुंढा!"

कोंबड्या पळाल्या. मी धावत गेले. बाही जिथे खांद्याला जोडतात तिथली गोलाई म्हणजे मुंढा, आणि वन्संच्या हातचा मुंढा आमच्या पंचक्रोशीत नावाजलेला. त्यांनी कागदाला दोन टक्स घातले, कडेला शिलाईसाठी सोडतात तसा अर्धा इंच सोडला, आणि कागद मडगार्डवर असा बसला की दोघींनी टाळ्या वाजवल्या.

गंज काढणं माझ्याकडे होतं. ग्राइंडर चालवायचा तर साडी नको, म्हणून मी ह्यांची जुनी पँट घातली. आयुष्यात पहिल्यांदा! कमरेला नाडी, डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं. ग्राइंडर पत्र्याला टेकला की ठिणग्यांचा पिसारा उडायचा आणि माझ्या पोटातून आपोआप एक किंकाळी निघायची, भीतीची नव्हे, मजेची. एकदा शेजारच्या आगरातले, म्हणजे पलीकडच्या बागेतले गृहस्थ आले. मला पाठमोरी बघून त्यांनी विचारलं, "काय रे, मालक आहेत का घरात?"

मी फडकं काढून म्हटलं, "मालकीणबाई आहेत. चालतील?"

ते आल्या पावली परत गेले. काम काय होतं ते अजून कळलेलं नाही.

हे सुरुवातीला पडवीत बसून वर्तमानपत्र वाचायचे. पण उघडावं त्या पानाला मधोमध मडगार्डच्या आकाराचं भोक असायचं. शेवटी कंटाळून ते खाली आले आणि वन्संनी त्या कागदांवरून पत्राकात्रीने कापलेला नवा पत्रा लाकडी ओंडक्यावर ठोकून वाकवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

वेल्डर आला. डावा मडगार्ड लावला तर सुरेख बसला. त्याने सांध्यावरून बोट फिरवून मान डोलावली. मग उजवा उचलला. फिरवून बघितला, उलटा करून बघितला.

"हा पण डावाच आहे," तो म्हणाला.

वन्संचा चेहरा पडला. "चाळीस वर्षांत कोणाला दोन डाव्या बाह्या शिवल्या नाहीत मी!" त्या म्हणाल्या, आणि दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. पुन्हा पुन्हा कागद काढून तपासत बसायच्या. तिसऱ्या दिवशी आमटी वाढून घेताना हे ताटात बघून हळूच बोलले, "तू कापलीस ती बाही बरोबर होती. वाकवली मी उलटी."

वन्संनी वाटी खाली ठेवली. "दादा! दोन दिवस मी जिवाला खाल्लं, आणि तू आज बोलतोस?"

"तू इतकी गंभीर झाली होतीस की धीर होईना."

मला हसू आवरेना. मग वन्संनाही आवरेना. हे एकटेच मान खाली घालून भात कालवत राहिले. त्या दुपारी त्यांनी कोणी न सांगता नवा उजवा मडगार्ड वाकवला आणि वाकवण्याआधी वन्संना तीनदा दाखवला.

रंगाचा प्रश्न आला. नुसतं 'पिस्ता' म्हटल्यावर दुकानदार कोणता पिस्ता देईल कोणास ठाऊक. म्हणून दारच घेऊन जायचं ठरवलं. रिक्षाला दार नसतं, पण त्या दिवशी आमच्या रिक्षाला होतं. दोघींच्या मांडीवर आडवं राहीना, म्हणून कडेला उभं धरलं. काच अजून शाबूत होती आणि फिरवायचा दांडाही. पावसपासून रत्नागिरीपर्यंत वन्सं काच खाली-वर करत होत्या. गाव आलं की काच खाली करून ओळखीच्या बायकांना विचारायच्या, "काय गो, बरी आहेस ना?" आणि उत्तर यायच्या आत काच वर. रिक्षावाला आरशात बघून इतका हसत होता की मला त्याला पुढे बघा म्हणून सांगावं लागलं.

रंग लावेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. कलमं मोहरली होती. पहिला हात दिला आणि तासाभरात मोहरावरचे बारके किडे, तुडतुडे, ओल्या रंगावर येऊन चिकटले. वाळल्यावर घासले, दुसरा हात दिला. पुन्हा तुडतुडे. तिसऱ्या वेळी वन्सं म्हणाल्या, "राहू देत. छापील कापड समज." बॉनेटवर ते अजून आहेत, जवळून बघितलं तर दिसतात.

ट्रक रस्त्यावर न्यायचा तर कागदपत्रांची खटपट आहे. ती ह्यांनी सुरू केली आहे. पण खालच्या आगरातली गाडीवाट आमचीच. पहिल्यांदा हे बसले चालवायला, आम्ही दोघी मागे हौद्यात काठ धरून उभ्या. खाली विहिरीपाशी पोचल्यावर मी उतरले आणि म्हटलं, "अहो, सरका. आता मी."

"क्लच जड आहे."

"ग्राइंडरही जड होता."

ते सरकले नाहीत, सरळ खालीच उतरले. मी चढले. ट्रक दोन गचके देऊन सुटला. विहिरीभोवती वाट गोल आहे, त्या वाटेने मी निघाले. वेग सायकलीइतका असेल, पण चाक हातात थरथरत होतं, फांद्या टपावर घासत होत्या आणि वन्सं मागून केबिनवर थापा मारत ओरडत होत्या, "जोरात गो वहिनी, जोरात!"

हे बाजूने पळत होते. "ब्रेक कुठे आहे माहीत आहे ना?"

"माहीत आहे!"

"मग दाब की!"

चौथ्या फेरीला दाबला. हे विहिरीच्या कठड्यावर बसून घाम पुसत होते. मागे वळून बघितलं तर वन्संचा अंबाडा सुटून पाठीवर आला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"उतरू नकोस," त्या म्हणाल्या. "अजून एक."