आक्रसलेलं वाळवंट

रोज सकाळी पहिल्या तासाआधी नत्थूजी आफ्रिकेवरून फडका फिरवत. कॉलेजच्या भूगोल विभागातला तो भिंतीएवढा नकाशा, मागून सुती कापड लावलेला. खालच्या टोकापासून ते पुसत वर येत, आणि सहारापाशी पोचले की फडका खांद्यावर टाकून नुसता तळहात फिरवत.

नत्थूजी गोळीबार चौकातले कोष्टी. घरचा माग बंद पडला तसे इथे शिपाई झाले.

पुष्पलताबाई नव्यानेच शिकवायला आल्या होत्या. एकदा त्या पश्चिम आफ्रिकेतल्या विणकरांविषयी सांगत होत्या. चार बोटं रुंदीची लांबच लांब पट्टी विणायची, पट्टीला पट्टी शिवून अंगभर वस्त्र करायचं. वाळवंटातून उंटांवर मीठ यायचं, त्याच्या बदल्यात कापडही जायचं. दारात नत्थूजी हजेरीपट घेऊन थांबले होते. तास संपल्यावर हळूच म्हणाले, "बाई, तिकडं बी कोष्टी हायेत?"

बाईंनी नायजर नदीचं वळण दाखवलं. नत्थूजींनी चपला काढल्या आणि मग तिथे बोट ठेवलं. बाई बघतच राहिल्या.

चौऱ्याहत्तर साली नकाशा सहारातच उभ्या रेषेत वीतभर फाटला. विभागप्रमुख मधुकरराव म्हणाले, "रद्दीत टाका."

"रद्दीत काहून, साहेब? कापडच त हाय. दोन दिवस द्या."

नत्थूजींनी तो घरी नेला. मागावर तुटलेला धागा जोडावा तसा एकेक धागा जोडला, आणि सवयीने तांदळाची खळ लावून उन्हात ताणला. सोमवारी भिंतीवर टांगला. पुष्पलताबाईंनी नख फिरवून पाहिलं. जोड काही नखाला लागेना. नदीच्या वळणावरून कुणी अदृश्य हात फिरून गेला असावा, असं त्यांना वाटलं.

मधुकररावांनी मात्र मोजपट्टी लावून पाहिली. खळ पिऊन कापड आक्रसलं होतं.

"नत्थूजी, बोटभर सहारा खाल्लात गा! उंटांची चार दिवसांची वाट गेली!"

नत्थूजींचा चेहरा उतरला. नकाशा आता जाणार. तरी ते म्हणाले, "मंग बिचारे उंट लवकर पोचतीन, साहेब."

मधुकरराव इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग मोजपट्टी खाली ठेवून म्हणाले, "राहू द्या." पुढे दर वर्षी तेच मुलांना ती जागा दाखवून सांगत, हे वाळवंट आपल्या कोष्ट्याने जोडलंय.

त्र्याऐंशी साली निवृत्तीच्या दिवशी नत्थूजींनी फडका पुष्पलताबाईंच्या हाती दिला. महिन्याभरातच ते गेले. फडका दिला तेव्हा दारातून वळून एवढंच म्हणाले होते, "ओला लावू नोका, बाई. सुती हाय."